गुरुजींच्या कामावर लक्ष कोणाचे?

वाचकहो, एक साधाच प्रश्न विचारतो. तुमच्या गावच्या शाळेत तपासणीला साहेब शेवटचे कधी आले होते? आले तेव्हा ते वर्गात बसले, की ऑफिसातल्या खुर्चीवर बसून कागदांवर सह्या करून गेले? तुमच्या मुलाची किंवा मुलीची वही त्यांनी उघडून पाहिली का?

कापसाचा भाव कुठे काय चालला आहे, पाऊस कुठवर आला आहे, सोसायटीचे कर्ज केव्हा मिळणार आहे, याची बित्तंबातमी आपल्याकडे असते. शाळेतली ही एवढी गोष्ट मात्र आपल्याला ठाऊक नसते. यात आपलाच सगळा दोष आहे असे नाही. पेरणी फसली तर आठ-दहा दिवसांत कळते. तासात तूट दिसली की आपण लगेच नांग्या भरून घेतो. शाळेतल्या नांग्या दिसायला चार-पाच वर्षे लागतात. पोरगा सहावीत जातो, बँकेचा कागद त्याच्या हाती देऊन "वाच रे" म्हटले की मान खाली घालतो, आणि मग आपल्याला कळते. तोवर हंगाम निघून गेलेला असतो.

गुरुजींच्या कामावर कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे हे सरकारच्या ध्यानात येऊन दीडशेच्या वर वर्षे झाली. लक्ष कोणी ठेवायचे, कशावर ठेवायचे आणि कशासाठी ठेवायचे हे मात्र दर पिढीत बदलत गेले. ती हकीकत आज सांगणार आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा तिच्याशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

दिपोटी आले!

१८५४ साली विलायतेहून वुडसाहेबाचा खलिता आला. प्रत्येक इलाख्यात शिक्षणाचे खाते असावे आणि शाळा तपासायला त्या खात्याचे निरीक्षक असावेत, असे त्यात ठरले. आपला वऱ्हाड त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ साली, निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. इथे शिक्षण खाते उभे राहिले ते १८६० नंतरच्या दशकात. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला मिळाले १९०५ साली. वरचे साहेब गोरे आणि त्यांच्या हाताखाली देशी डेप्युटी इन्स्पेक्टर, अशी रचना होती. खेड्यापाड्यातल्या तोंडांनी त्या डेप्युटीचा 'दिपोटी' करून टाकला.

दिपोटी वर्षातून एकदा यायचा. तो येणार ही वर्दी आधीच पोचलेली असायची. मग शाळा सारवायची, दारावर आंब्याची पाने बांधायची, मुलांना धुतलेले सदरे घालून बसवायचे. दमणीतून दिपोटी उतरला की पाटलाच्या वाड्यावर त्याची सोय. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा तो स्वतः घ्यायचा. पाढे म्हण, उतारा वाच, हिशेब कर. मुले किती पास झाली त्यावर मास्तरची बढती, बदली आणि गावातली अब्रू ठरायची. शेरेबुकात दिपोटीने काय लिहिले हे कळेपर्यंत मास्तरच्या घशाखाली घास उतरत नसे.

या पद्धतीत सगळे वाईटच होते असे मी म्हणणार नाही. साहेब मुलासमोर बसायचा, मुलाचा आवाज ऐकायचा. आज कित्येक तपासण्यांत तेवढेही होत नाही. पण वर्षातला एकच दिवस, आणि तोही आधी सांगून! दमणी गावाबाहेर पडली की पुढचे अकरा महिने मास्तर जाणे आणि पोरे जाणे.

त्याच काळात विलायतेत एक भलताच प्रयोग सुरू होता. १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने नियम काढला की शाळेला पैसा मिळेल तो मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांत किती मुले पास झाली त्यावर. 'निकालाप्रमाणे दाम' म्हणा ना. परिणाम काय झाला असेल ते तुम्हीच ओळखा. परीक्षेला जे विचारतात तेवढेच शिकवायचे, पुस्तक घोकून पाठ करून घ्यायचे. मॅथ्यू अर्नोल्ड हा तिथला नावाजलेला कवी ३५ वर्षे, १८५१ ते १८८६, शाळा तपासनीस होता. त्याने या पद्धतीविरुद्ध आपल्या सरकारी अहवालांतूनच लिहिले. आपल्याकडेही अनुदान घेणाऱ्या शाळांना ही निकालाची मोजपट्टी लावली गेली होती. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणाचे धोरण जाहीर केले तेव्हा ती मोडीत काढली.

जोतीरावांनी मागितले होते ते

१८८२ साली सरकारने हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या पैशातून सरकारचा खजिना भरतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, ही त्यांची तक्रार सर्वांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात शाळांवरील देखरेखीबद्दल त्यांनी जे सांगितले ते फारसे कोणी वाचत नाही. शेतकऱ्यांच्या घरात तर ते आवर्जून वाचले जावे असे आहे.

दिपोटीची वर्षातून एक फेरी ही काही कामाची नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट सांगितले. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, त्याहून जास्त वेळा झाली तर उत्तमच. आणि मधूनमधून न कळवता शाळेत जावे. गावच्या किंवा जिल्ह्याच्या महसुली अंमलदारांवर यासाठी भिस्त ठेवू नये; त्यांच्या मागे शंभर कामे असतात, ते शाळेत क्वचित जातात आणि गेले तरी वरवर पाहून येतात.

नुसता मास्तरावर कोरडा ओढावा असे मात्र जोतीराव म्हणत नव्हते. मास्तरचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा, जास्त मुले पास करणाऱ्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता मिळावा, गावच्या टपालाचे किंवा दस्त नोंदण्याचे काम मास्तरकडे देऊन त्याचा गावातला मान वाढवावा, अशी त्यांची मागणी होती. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा धरायला त्याला लाज वाटू नये, असेही त्यांनी सांगितले. आधी पोटाला द्या, मान द्या, आणि मग वरचेवर, न सांगता जाऊन पाहा. ही दोन्ही कलमे जोतीरावांच्या कागदावर एकत्र होती. पुढच्या काळात कधी एक विसरले गेले, कधी दुसरे.

जोतीराव बोलत होते मुंबई इलाख्याबद्दल, पण वऱ्हाडातले चित्र फार वेगळे नव्हते. १९२९ साली हार्टोग समितीने देशभरचा हिशेब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत बसलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचलेली निघाली फक्त १८. बाकीची ८२ कुठेतरी गळाली किंवा त्याच वर्गात बसून राहिली. शाळा तपासणारी माणसे फार थोडी आहेत, ती वाढवा, असे त्या समितीने बजावले.

शेताच्या उत्पन्नातून पगार

यानंतर आपल्या प्रांतात एक अनोखी गोष्ट घडली. १९३७ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर योजना' काढली. गावात कोणी जमीन दान द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, शिक्षकाला महिना १५ रुपये मिळावेत. या शिक्षकांना तयार करणारी शाळा शेजारच्या वर्ध्याला १९३८ साली निघाली. म्हणजे पीक आले तर गुरुजींना पगार! गावाचे गुरुजींवर लक्ष राहणार आणि गुरुजींचे गावाच्या पावसावर.

कल्पना ऐकायला गोड आहे. पण ज्यांनी कोरडवाहू शेती केली आहे त्यांना तिच्यातली खोच लगेच कळेल. आपल्याच घराला जे उत्पन्न पुरत नाही ते गुरुजींना काय पुरणार? नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

त्याच सुमारास वर्ध्यात गांधीजींच्या नयी तालीमची आखणी डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने केली. शाळेवर देखरेख करणारा माणूस हा शिक्षकाचा वाटाड्या आणि मदतनीस असावा, नुसता तपासनीस असू नये, हा विचार त्या आखणीत होता. दिपोटीच्या धाकात वाढलेल्या मास्तरांना तो ऐकून नवल वाटले असेल.

पुसदच्या माणसाचा अहवाल

स्वातंत्र्य आले. विदर्भात १९४८ च्या कायद्याने तालुक्यातालुक्यात जनपद सभा झाल्या. १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. मग सत्ता गावापर्यंत कशी न्यायची हे ठरवण्यासाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक, आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. समितीचा अहवाल १९६१ साली आला, त्यावरून जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी नाईक मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले.

या एका बदलाने प्राथमिक शिक्षकांचा मालकच बदलला. गावची शाळा जिल्हा परिषदेची झाली. यवतमाळला शिक्षणाधिकारी आणि लोकांनी निवडून दिलेले सभापती, तालुक्याला पंचायत समिती, आणि शाळा तपासायला विस्तार अधिकारी. दमणी गेली आणि जीप आली, पण एका विस्तार अधिकाऱ्याच्या वाट्याला आलेल्या शाळा मोजल्या तर वर्षातून एक-दोन फेऱ्यांपलीकडे त्याची मजल जाणे कठीण. त्यात आपला जिल्हा केवढा पसरलेला! आज सोळा तालुके आहेत. यवतमाळहून वणीला जा नाही तर उमरखेडला, शंभरच्या घरात किलोमीटर पडतात. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागातल्या कोलामांच्या पोडांवर पावसाळ्यात चारचाकी पोचेल याची खात्री त्या काळी कोण देणार?

एक मात्र चांगले झाले. शाळेचा मालक आता नागपूर-मुंबईचा राहिला नाही, ओळखीचा झाला. गाऱ्हाणे घेऊन सदस्याच्या घरी जाता येऊ लागले. पण ओळखीचा मालक म्हणजे ओळखीचा वशिलाही. बदली हेच देखरेखीचे मोठे हत्यार झाले. चांगले शिकवणारा पण कोणाच्या पुढेपुढे न करणारा गुरुजी दूरच्या पोडावर, आणि सभेला सतरंज्या टाकणारा मोटार स्टँडजवळच्या गावात, अशी बोलणी कोणत्या तालुक्यात झाली नाहीत? पोडावरच्या शाळेत पाठवणे ही जर शिक्षा, तर त्या पोडावरच्या लेकरांनी कोणता गुन्हा केला होता, हे कोणी विचारले नाही. २०१७ च्या शासन निर्णयानंतर या बदल्या संगणकावरून होऊ लागल्या आणि ते हत्यार बरेच बोथट झाले.

१९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाचा विचार केला. आयोगाचे सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. पगार, बदल्या, शिस्त पाहणारा माणूस वेगळा असावा आणि शिकवण्यात मदत करणारा वेगळा असावा, असे आयोगाने सुचवले. यातले मर्म साधे आहे. जो माझा पगार कापू शकतो त्याच्यापुढे मी माझी अडचण उघडी करणार नाही. "मला भागाकार शिकवायला जमत नाही हो साहेब," असे गुरुजी कोणाला म्हणतील? शेजारपाजारच्या शाळांचा एक गट करावा आणि त्यांनी एकमेकांना मदत करावी, हीही या आयोगाची सूचना.

ती महाराष्ट्रात प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. त्या वर्षीच्या शासन निर्णयाने साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख, अशी घडी बसवली. केंद्रप्रमुखाने शाळाशाळांत जावे, स्वतः पाठ घेऊन दाखवावा, महिन्याला सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरवावी. जोतीरावांनी मागितलेली वरचेवरची फेरी ११२ वर्षांनी कागदावर आली म्हणायची.

कागदावर म्हणतो ते उगाच नाही. केंद्रप्रमुखांच्या अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि त्यांचा भार कुठल्या तरी मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडला. जे होते त्यांचा वेळ माहिती गोळा करण्यात गेला. किती मुलांना गणवेश मिळाला, तांदूळ किती शिल्लक, संडासाला दार आहे का, हे सगळे आज दुपारी चारच्या आत कळवा! शिक्षकांना मदत करायला नेमलेला माणूस टपाल पोचवणारा झाला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वरून जे मागतात तेच खालचा माणूस देतो.

आता कॅमेरा

गेल्या दहा-बारा वर्षांत देखरेखीचे नवे साधन आले, ते म्हणजे हातातला मोबाईल. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने आदेश काढला की दर सोमवारी गुरुजींनी मुलांसोबत सेल्फी काढून संगणक प्रणालीवर चढवावी. जिथे बोलायलाच रेंज नाही तिथे फोटो कसा चढायचा? शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि ते बारगळले. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावण्याचा आदेश निघाला. काही ठिकाणी खरे गुरुजी घरी आणि त्यांच्या जागी हजार-दोन हजारांवर ठेवलेला भलताच पोरगा शिकवतो, अशा तक्रारी होत्या, त्यावर हा उपाय. १ डिसेंबर २०२३ पासून मुलांची हजेरी मोबाईलच्या ॲपवर भरायला सांगितले गेले.

यावर शिक्षक चिडतात, आणि गावकरी म्हणतात, "चिडायला काय झाले? काम करतो त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?" दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कॅमेऱ्याने काय होते याचा एक पक्का दाखला राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सापडतो. तिथे 'सेवा मंदिर' ही संस्था दुर्गम गावांत एकशिक्षकी शाळा चालवत असे. २००३ साली ६० शाळांतल्या शिक्षकांना तारीख-वेळ उमटणारे कॅमेरे दिले. शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो, आणि हजर दिवसांप्रमाणे पगार. जिथे कॅमेरा नव्हता तिथे शिक्षकांची गैरहजेरी शेकडा ४२ होती. कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ वर आली. मुलांचे शिकणेही सुधारले. पण पुढे त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांवर अशीच यंत्राची हजेरी लावली तेव्हा पहिले काही महिने फरक पडला आणि मग वरच्या साहेबांनी 'आजचा दिवस माफ' अशा मंजुऱ्या देणे सुरू केले. सोळा महिन्यांत सगळे पूर्वपदावर आले. यंत्र तेच होते. वरचा माणूस वेगळा होता.

त्याच सुमारास, २००३ मध्ये, देशातल्या २० राज्यांत सुमारे ३,७०० शाळांत न कळवता जाऊन एक मोठी पाहणी झाली होती. एकूण २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रातला आकडा सर्वांत कमी, १४.६ टक्के, झारखंडात जवळपास ४२. आपल्या गुरुजींना शिव्या देण्यापूर्वी हा आकडा ध्यानात ठेवावा. पण आणखी एक आकडा आहे: देशभर शाळेच्या पटावर असलेल्या शिक्षकांपैकी पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते निम्म्याहूनही थोडे कमी. शाळेत असणे आणि शिकवणे या दोन गोष्टी आहेत. फोटोत पहिली येते, दुसरी येत नाही.

गैरहजेरी कुठे कमी होती? जिथे अलीकडे तपासणी झाली होती तिथे, जिथे शाळेची इमारत आणि सोयी बऱ्या होत्या तिथे, आणि पक्का रस्ता जवळ होता तिथे. म्हणजे गावाचा रस्ता आणि शाळेचे छप्पर हीसुद्धा एका परीने गुरुजींवरची देखरेखच म्हणायची.

फोटोत न येणारे आणखी पुष्कळ आहे. कोलाम पोडावरचे लेकरू घरी कोलामी बोलते. तांड्यावरच्या लेकराची घरची बोली बंजारा. पहिल्या वर्गात त्याला पुस्तकातली मराठी परकी वाटते, आणि ते गप्प बसले की 'मागे पडले' असा शेरा. पुसद, महागाव, उमरखेडकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघाली की पटावरची मुले कमी होतात. तो दोष गुरुजींचा की पोटाचा? दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्याने चार वर्ग कसे सांभाळायचे? हे कळायला वर्गात मागच्या बाजूला तासभर बसावे लागते.

असे बसणारे साहेब आहेत बरे का. सातारा जिल्ह्यात कुमठे बीट नावाचा भाग आहे. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्याकडच्या चाळीसच्या आसपास शाळांत दहा-बारा वर्षांपूर्वी वेगळीच रीत पाडली. चुका काढून शेरा मारण्यापेक्षा त्या शिक्षकांबरोबर बसून, मूल शिकते कसे याचाच अभ्यास करू लागल्या. वर्गाच्या फरशीवर, भिंतीवर आकडे-अक्षरे आली, मुले खाली बसून खडे, काड्या, कार्डे घेऊन एकमेकांना शिकवू लागली. तो प्रकार पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. २२ जून २०१५ रोजी सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला, त्यात शाळेचे मोजमाप प्रत्येक मूल शिकले की नाही यावर करायचे ठरले. त्यामागे कुमठ्याच्या अनुभवाचाही हात होता. पदही तेच, पगारही तोच, अधिकारही तेच. बाईंनी बसायची जागा तेवढी बदलली.

आता तुमची पाळी

एवढ्या सगळ्या साहेबांची हकीकत ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, यात आमचा काय संबंध? तर ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने तुमच्या शाळेवर लक्ष ठेवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीला दिले आहे. या समितीत शेकडा ७५ सदस्य मुलांचे आईबाप असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. महिन्यातून एकदा बैठक व्हावी असा नियम आहे. २४ वे कलम म्हणते की शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यावे, नेमलेला अभ्यास पुरा करावा आणि पालकांना भेटून मुलाची हजेरी, प्रगती सांगावी. २७ वे कलम म्हणते की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये. म्हणजे गुरुजी कामात कमी पडले तर त्यांना विचारायचे, आणि गुरुजींना भलत्या कामाला ओढले तर त्यांच्या बाजूने वर विचारायचे. समितीच्या अंगी दोन्ही हवे.

प्रत्यक्षात काय होते ते तुम्हाला माहीत आहे. समितीचा अध्यक्ष कोण हे गावातले राजकारण ठरवते. बायका सदस्य असतात पण बैठकीला त्यांचा नवरा येतो. इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या, अंगठे गोळा होतात. गुरुजी मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा ठराव आपणच हात वर करून देतो, आणि मग पारावर बसून आपणच म्हणतो की गुरुजी संध्याकाळच्या गाडीने तालुक्याला जातात.

मला वाटते, सुरुवात लहानच करावी. काठी घेऊन शाळेत जाऊ नका आणि मोबाईलने गुरुजींचे चित्रीकरणही करू नका. त्याने एक दिवस गाजतो आणि वर्षभराचा अबोला पदरी पडतो. बैठकीला जा आणि शेरेबुक पाहायला मागा. गेल्या वर्षभरात केंद्रप्रमुख किती वेळा आले, विस्तार अधिकारी किती वेळा, आणि त्यांनी लिहिले काय? शेऱ्यात रजिस्टरांबद्दलच लिहिले असेल आणि मुलांच्या वाचनाबद्दल एक ओळही नसेल, तर समितीने ठराव करून पंचायत समितीला कळवावे की पुढच्या भेटीत साहेबांनी वर्गात बसावे, आम्हीही शेजारी बसू. गुरुजींनाही विचारा: तुम्हाला काय अडते? एखाद्या चांगल्या गुरुजीला हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलेलाच नसतो.

बैठकीची वेळही बघा. सकाळी अकराला ठेवली तर वेचणीच्या दिवसांत बाया येणार कशा? दिवसाचा रोज बुडवून कोणी येत नाही. अंधार पडल्यावर, स्वयंपाक-पाणी आटोपल्यावर ठेवायला मुख्याध्यापकांना सांगा. गावातच राहणाऱ्या गुरुजींची त्याला हरकत नसते. आणि बैठक संपल्यावर वहीवर सही किंवा अंगठा करण्याआधी त्यात काय लिहिले आहे ते समजून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या चौथीतल्या मुलीला बरोबर न्या, वही तिच्या हाती द्या आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा.